नदी टाळणारी शहरे, नदी भोगणारी गावे

नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळाने कोल्हापूर शहरात आले. या पाण्यासाठी शहराने कित्येक वर्षे मोर्चे काढले, धरणे धरली, निवडणुकांमागून निवडणुकांत आश्वासने घेतली. पन्नास किलोमीटरांहून लांब अशी ही जलवाहिनी पुरी झाली याचा आनंद नागरिकांनी साजरा करावा, यात गैर काही नाही. शुद्ध पाणी हा माणसाचा हक्क आहे आणि त्या हक्कासाठी झालेला लढा न्याय्यच होता. परंतु या आनंदाच्या भरात एक प्रश्न कोणी विचारला नाही, आणि तो विचारणे हे समाजवादी विचार मानणाऱ्यांचे काम आहे. ज्या शहराने आपले पिण्याचे पाणी धरणावरून आणले, ते शहर आपल्या दारातून वाहणाऱ्या पंचगंगेची काळजी यापुढे कशासाठी घेणार?

हा प्रश्न केवळ कोल्हापूरचा नाही. महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या बहुतेक शहरांची वाटचाल याच दिशेने चालली आहे. गावाची नदी आधी नासवायची. ती नासली की दूरच्या धरणाकडे धाव घ्यायची. आणि मागे उरलेल्या नदीला गटार म्हणून वापरायचे. कोल्हापूरचे उदाहरण घ्यायचे ते एवढ्यासाठी की येथे हा सारा व्यवहार एका लहानशा खोऱ्यात उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

पंचगंगेचे खोरे

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. तेथून ती कोल्हापूरला वळसा घालून रुई, इचलकरंजी, तेरवाड अशी शिरोळ तालुक्यात उतरते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. पुढे ते पाणी कर्नाटकात जाते. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले ते याच खोऱ्यातील शेतकऱ्याच्या हितासाठी. आजचा हिरवागार ऊस, सहकारी कारखानदारी आणि तिच्या आधारे उभी राहिलेली येथील सुबत्ता या नदीच्या पाण्यावर पोसलेली आहे.

आता या खोऱ्यात शहराचे स्थान कसे आहे ते पाहा. पाण्याचा उपसा करणारी शहराची जुनी केंद्रे बालिंगा आणि शिंगणापूर येथे, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला. जयंती, दुधाळी आदी नाले नदीला मिळतात ते खालच्या अंगाला. थेट जलवाहिनी येण्यापूर्वीदेखील कोल्हापूरकर स्वतःचे सांडपाणी कधी पीत नव्हता. ते इचलकरंजीच्या आणि शिरोळच्या वाट्याला जात होते. जलवाहिनीने इतकेच केले की शहराचा नदीशी उरलेला दुवाही सैल झाला. पूर्वी नदीत वरच्या अंगाला काही बिघडले तर शहराच्या नळाला ते कळत असे. आता तेवढेही कळण्याचे कारण उरले नाही.

अर्थशास्त्रात या प्रकाराला बाह्य खर्च म्हणतात. एखाद्याच्या व्यवहाराचा लाभ त्याच्या पदरात पडतो, मात्र त्याची किंमत त्या व्यवहारात कोठेही नसलेल्या तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते. पाठ्यपुस्तकांत हा बाजाराच्या यंत्रणेतील एक किरकोळ दोष म्हणून सांगितला जातो. विल्यम कॅप या अर्थतज्ज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला, त्यात या समजुतीवरच घाव घातला. त्याचे म्हणणे असे की हा दोष अपवादाने घडत नाही; खर्च दुसऱ्यावर ढकलणे हाच या व्यवस्थेचा नित्याचा मार्ग आहे, आणि जो दुबळा त्याच्यावर तो ढकलला जातो. कॅपने हे खाजगी उद्योगाबद्दल लिहिले. आपल्याला त्यात एवढीच भर घालायची आहे की लोकांची म्हणवणारी नगरपालिकाही हेच करू शकते. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा माणूस तिचा मतदार नसला म्हणजे झाले.

खालच्या अंगाचे जिणे

शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्याला हा बाह्य खर्च पुस्तकात वाचावा लागत नाही. नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे घालून पाणी अडवले जाते आणि उन्हाळा संपेपर्यंत त्यावर शेती आणि पाणीयोजना चालतात. ही पद्धत या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दिली. पण अडवलेले पाणी वाहत नाही. आणि न वाहणाऱ्या पाण्यात मैला मिसळला की पाण्यातील प्राणवायू संपतो. पाणी काळे पडते, त्याला उग्र वास येतो, केंदाळ काठापासून काठापर्यंत पसरते आणि एके दिवशी तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसतो. मग वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, अधिकारी पाण्याचे नमुने घेतात, कार्यकर्ते अधिकाऱ्यांना जाब विचारतात, धरणातून थोडे पाणी सोडले जाते आणि घाण पुढच्या बंधाऱ्यावर जाते. पुन्हा दुसऱ्या वर्षी हेच घडते.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि तीत माणसे दगावली. यंत्रमागावर पोट असलेल्या या शहरात बाटलीबंद पाणी विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते त्यांच्या घरात ती साथ शिरली. आजाराला जात-वर्ग नसतो असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु पाण्यातून येणाऱ्या आजाराला घराचा पत्ता नेमका माहीत असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इचलकरंजीही केवळ सोसणारी नाही. तेथील कापडप्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी आणि शहराचे सांडपाणी काळ्या ओढ्यातून याच नदीत उतरते आणि ते खालची गावे भोगतात. वरच्याने खालच्यावर घाण सोडायची आणि खालच्याने त्याहून खालच्यावर, अशी ही उतरंड आहे. जातिव्यवस्थेच्या उतरंडीत प्रत्येकाला आपल्याखाली कोणी तरी सापडतो, त्यातलाच हा प्रकार. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याला हात घातला तेव्हा प्रश्न केवळ तहानेचा नव्हता, समान माणूसपणाचा होता. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यालाही वरच्याइतकेच स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे, हा आग्रह त्याच तत्त्वाचा आजचा अर्थ आहे.

आणि इचलकरंजीने पुढे काय केले? पंचगंगा नासली म्हणून तिने कृष्णेचे पाणी आणले. तेही पुरेना म्हणून वारणेकडे पाहिले, तेव्हा दानोळी परिसरातील शेतकरी विरोधात उभे राहिले. नंतर दूधगंगेवरील सुळकूड योजना पुढे आली, तर कागल भागातून विरोध झाला. शहरवासी म्हणतात, आम्हाला प्यायला पाणी नाही. शेतकरी म्हणतात, तुम्ही आपली नदी नासवली, आता आमची घेता. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि दोघांनाही एकमेकांविरुद्ध उभे करणारा मूळ अपराध मात्र बाजूलाच राहतो. कष्टकरी कामगार आणि कष्टकरी शेतकरी यांचे हे भांडण लावून देण्यात कोणाचे राजकारण साधते, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

केंद्रे आहेत, मग घाण कोठून येते?

कोल्हापुरात सांडपाणी प्रक्रिया केंद्रे नाहीत असे नाही. कसबा बावड्याचे केंद्र दररोज ७ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे आहे आणि दुधाळीचे १ कोटी ७० लाख लिटर क्षमतेचे. दोन्ही मिळून ९ कोटी ३० लाख लिटर. आता साधा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख ४९ हजार होती. माणशी १३५ लिटर पाणी हे शासकीय प्रमाण धरले आणि त्याचा ८० टक्के भाग सांडपाणी होतो हा अभियंत्यांचा ठोकताळा लावला, तर सांडपाणी सुमारे ५ कोटी ९३ लाख लिटर भरते. त्यानंतर वाढलेली वस्ती, दुकाने, हॉटेले, रुग्णालये आणि यात्रेकरू यांची भर घातली तरी कागदावरची क्षमता अगदीच तोकडी वाटत नाही. मग नाल्यातून नदीत घाण कशी उतरते?

उत्तर केंद्राच्या कुंपणाबाहेर आहे. प्रक्रिया केंद्र हे शेवटचे टोक झाले. तेथवर मैलापाणी नेणारी भुयारी गटारे प्रत्येक घरापर्यंत पोचलेली नसतात. जेथे ती नाहीत तेथील घरांचे पाणी उघड्या गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीकडे जाते. जयंती ही मुळात नदी. आज आपण तिला नाला म्हणतो, यातच शहराच्या शतकभराच्या कारभाराचा निकाल आहे. या नाल्यावर बांध घालून पाणी अडवायचे आणि पंपाने उपसून प्रक्रिया केंद्राकडे न्यायचे, अशी व्यवस्था आहे. वीज असेपर्यंत आणि पंप चालू असेपर्यंत ती चालते. पंप बंद पडला, वाहिनी फुटली किंवा जोराचा पाऊस झाला की पाणी बांधावरून उडी घेते आणि सरळ पंचगंगेत जाते. शिवाय महापालिकेच्या हद्दीबाहेर दाट वस्ती वाढली आहे. त्या ग्रामपंचायतींकडे ना भुयारी गटार बांधण्याची ऐपत, ना अधिकार. त्यांचे पाणी कोणाच्याच हिशेबात नसते, पण नदीला ते मिळतेच.

दुसरी गोष्ट केंद्राच्या आतली. मैलापाण्यात घाण वजनाने अत्यल्प असते, बाकी सारे पाणीच असते. ती घाण खाऊन टाकणारे जिवाणू निसर्गातच आहेत. केंद्राचे काम त्यांना भरपूर हवा देऊन थोड्या वेळात थोड्या जागेत काम करायला लावणे, एवढेच. ही हवा देणारी यंत्रे अहोरात्र चालावी लागतात आणि विजेवर चालतात. वीजबिल थकले, यंत्र दुरुस्तीवाचून पडले, कुशल माणूस नसला, तर जिवाणू मरतात आणि पुन्हा वाढायला दिवसच्या दिवस जातात. इमारत तशीच उभी दिसते. आत शिरणारे आणि बाहेर पडणारे पाणी मात्र जवळपास सारखेच असते.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. त्यातली चालू स्थितीतील क्षमता २६,८६९ दशलक्ष लिटर. प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३५ दशलक्ष लिटरांवर. म्हणजे शंभर लिटरांतील २८ लिटरच शुद्धीकरणाच्या वाटेला जात होते, आणि ज्या केंद्रांवर सार्वजनिक पैसा खर्च झाला त्यांची एकतृतीयांशाहून अधिक क्षमता वापरलीच जात नव्हती. याच मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत ३५१ पैकी ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते. २०२२ च्या यादीत देशातील पट्टे ३११ वर आले. महाराष्ट्राचे मात्र ५५ झाले. दोन्ही याद्यांत आपण देशात पहिले. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याने या पहिल्या क्रमांकाचा विचार करावा.

कोनशिलेला पैसा, वीजबिलाला नाही

हे असे का होते, याचे उत्तर सार्वजनिक वित्तव्यवहारात शोधले पाहिजे. गटारे आणि केंद्रे बांधण्यासाठी केंद्राच्या आणि राज्याच्या योजना येतात. राष्ट्रीय नदी संवर्धन योजना झाली, २००५ साली नेहरूंच्या नावाची नागरी पुनरुत्थान योजना आली, २०१५ साली ‘अमृत’ आली, २०२१ साली तिचा दुसरा अवतार आला. या साऱ्यांतून मुख्यतः भांडवली खर्च भागतो. कंत्राट निघते, कोनशिला बसते, उद्घाटन होते. त्यानंतर ते केंद्र वीस-पंचवीस वर्षे चालवण्याचा खर्च महापालिकेच्या गळ्यात पडतो. आणि त्या महापालिकेची अवस्था काय आहे? तिच्या उत्पन्नाचा हुकमी आधार असलेली जकात गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला आणि महापालिका राज्य सरकारच्या भरपाईच्या अनुदानावर डोळे लावून बसली. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली नगरपालिकांना स्वराज्याचे अधिकार देण्याची भाषा केली. उत्पन्नाची साधने मात्र एकामागून एक काढून घेतली गेली. पैशाविना स्वराज्य ही केवळ जबाबदारीची वाटणी ठरते.

अशा तिजोरीत प्रत्येक खर्चाला दावेदार असतात. रस्त्यांसाठी नागरिक ओरडतात, पगारासाठी कामगार संप करतात, दिव्यांसाठी नगरसेवक भांडतात. हवा देणाऱ्या यंत्राच्या वीजबिलासाठी शहरात कोण भांडणार? ते यंत्र बंद राहिल्याने ज्याचे नुकसान होते तो तेरवाडला राहतो, आणि तेरवाडला महापालिकेची निवडणूक नाही. मला वाटते, नदीच्या प्रश्नाचे मर्म या एका वाक्यात आहे. अभियंत्यांचे अज्ञान किंवा जनतेची उदासीनता ही कारणे नंतरची. नासवणाऱ्याच्या हाती सत्ता आहे आणि भोगणाऱ्याच्या हाती ती नाही, हे पहिले कारण.

कोल्हापुरात तर याहून वाईट घडले. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या काळात थेट पाणी शहरात आले, त्या काळात सांडपाण्याच्या खर्चाबद्दल जाब विचारायला लोकनियुक्त सभागृहच नव्हते.

पैसा नाही ही सबब मात्र आपण मान्य करता कामा नये. १९८० साली रतलाम नगरपालिकेने गटारे न बांधण्याचे कारण म्हणून पैशाची टंचाई पुढे केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब फेटाळली. गोरगरिबांच्या वस्तीतील घाण दूर करणे हे नगरपालिकेचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि तिजोरी रिकामी आहे असे सांगून त्यातून सुटका नाही, असा त्या निकालाचा आशय. २०१७ साली पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात याच न्यायालयाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रे तीन वर्षांत उभी करण्याचा आणि त्यांच्या खर्चाची तजवीज करण्याचा आदेश दिला. कायद्याची उणीव महाराष्ट्राला तर कधीच नव्हती. देशाचा जलप्रदूषण कायदा १९७४ सालचा. आपल्या राज्याचा स्वतंत्र कायदा १९६९ सालीच झाला आणि १९७० साली राज्याचे मंडळ स्थापन झाले. अर्धशतकाहून अधिक काळ कायदा आहे, मंडळ आहे, नमुने आहेत, नोटिसा आहेत. मंडळ नोटीस काढते, महापालिका खुलासा करते, आणि एका सरकारी खात्याने दुसऱ्याला लावलेला दंड शेवटी करदात्याच्याच खिशातून जातो. त्यात २०२४ साली केंद्राने १९७४ च्या कायद्यात दुरुस्ती करून, ती स्वीकारणाऱ्या राज्यांपुरती, अनेक अपराधांवरील कैदेची शिक्षा काढून दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड ठेवला. मोठ्या कारखानदाराला हा दंड म्हणजे नदी वापरण्याचे भाडेच वाटेल.

आपली भूमिका काय असावी?

नदी शुद्धीकरणाच्या नावाखाली नागरिकांना उपदेश करण्याची एक सोपी परंपरा आपल्याकडे रूढ झाली आहे. निर्माल्य टाकू नका, कपडे धुऊ नका, मूर्ती विसर्जित करू नका. कोल्हापूरने मूर्तिदानाची आणि निर्माल्य वेगळे काढण्याची चळवळ जोमाने चालवली, ती अभिनंदनीयच आहे. धार्मिक रूढीला विवेकाची जोड देणारे हे काम आपल्याही कार्यकर्त्यांनी केले आहे. पण वर्षातील काही दिवसांचे निर्माल्य आणि वर्षातील प्रत्येक दिवशी उतरणारे मैलापाणी यांची तुलना होऊ शकत नाही. घाटावर कपडे धुणाऱ्या बाईला बोल लावणे सोपे असते, कारण ती दिसते. जमिनीखालून आलेली वाहिनी दिसत नाही.

डॉ. राममनोहर लोहियांनी नद्या स्वच्छ करण्याचा प्रश्न १९५० च्या दशकातच राजकीय व्यासपीठावरून मांडला होता. त्या वेळी अनेकांना तो किरकोळ वाटला. आज तो पक्षाच्या कार्यक्रमात मानाने आला पाहिजे, आणि ठोस मागण्यांच्या रूपाने आला पाहिजे.

पहिली मागणी हिशेबाची. केंद्राची क्षमता किती, ही माहिती आम्हाला पुरेशी नाही. नाल्याच्या बांधावरून आज किती तास पाणी नदीत गेले, पंप किती तास बंद होता, प्रक्रियेनंतरचे पाणी कोणत्या प्रतीचे होते, हे रोजच्या रोज जाहीर फलकावर लिहिले गेले पाहिजे. तो फलक महापालिकेच्या दारात लागावा, तसाच तेरवाड, रुई आणि नृसिंहवाडी येथेही लागावा. लोकांच्या पैशाने चालणाऱ्या केंद्राचा हिशेब लोकांपासून लपवण्याचे कारण नाही.

दुसरी मागणी पैशाची. सांडपाण्याच्या नावाने जो अधिभार घेतला जातो त्याचे स्वतंत्र खाते असावे आणि त्यातील पैसा प्रथम प्रक्रिया केंद्राच्या विजेसाठी, दुरुस्तीसाठी आणि पगारासाठी वापरला जावा. अधिभाराची आकारणी मात्र चढत्या दराने झाली पाहिजे. झोपडपट्टीतील नळकोंडाळ्यावर पाणी भरणारा आणि चारचाकी धुण्यासाठी पाणी वापरणारा यांना एकच दर लावणे हा अन्याय आहे. मोठी हॉटेले, व्यापारी संकुले, टोलेजंग इमारती यांच्याकडून पुरा खर्च वसूल व्हावा. आणि ज्या सरकारने महापालिकेची उत्पन्नाची साधने काढून घेतली, त्याने केंद्र चालवण्याच्या खर्चातही ठराविक वाटा उचलावा. बांधण्यापुरते अनुदान आणि चालवायला काही नाही, ही पद्धत बंद झाली पाहिजे.

तिसरी मागणी कामगारांची. गटारात उतरणारा, पंप सांभाळणारा, केंद्रात रात्रपाळी करणारा माणूस बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो. हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण भरपाई हा न्यायाचा शेवटचा टप्पा झाला. पहिला टप्पा कायम नोकरी, प्रशिक्षण आणि यंत्रे हा आहे. जो माणूस अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे, तो पंप जाणूनबुजून बंद ठेवला गेला तर तक्रार करू शकत नाही. कायम आणि संघटित कामगार हा नदीचा सर्वांत भरवशाचा पहारेकरी आहे. कामगार चळवळ आणि पर्यावरण यांचे नाते येथे जुळते.

चौथी मागणी शुद्ध केलेल्या पाण्याच्या वापराची. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातील शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, तेवढे धरणाचे पाणी वाचते. कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या उद्योगांना आणि शेतीला असे पाणी देता येईल. मात्र त्याच्या विक्रीतून काही कंपन्यांची भर होऊ नये. शेतकऱ्यांच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांचा त्यावर पहिला हक्क असावा, आणि उद्योगाकडून मिळणारा पैसा त्याच स्वतंत्र खात्यात जमा व्हावा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी सत्तेची. पंचगंगेच्या खोऱ्यासाठी एक परिषद हवी. तीत कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या महापालिका, शहरालगतच्या ग्रामपंचायती, साखर कारखाने, कापडप्रक्रिया उद्योग आणि खालच्या अंगाची गावे यांचे प्रतिनिधी असावेत. आणि खालच्या गावांचे बळ निम्म्याहून कमी असू नये. सल्ला देणाऱ्या समित्या आजवर पुष्कळ झाल्या. या परिषदेला महापालिकेच्या अंदाजपत्रकातील सांडपाण्याची तरतूद तपासण्याचा, ती अपुरी असल्यास परत पाठवण्याचा आणि कोणत्याही केंद्रात केव्हाही जाऊन नमुना घेण्याचा कायदेशीर अधिकार हवा. राज्य विधिमंडळ असा कायदा करू शकते.

यावर शहरातील आपलेच काही मित्र म्हणतील की साखर कारखान्यांची मळी, शेतातील खते आणि इचलकरंजीचे रंग यांना सोडून शहराच्या मागे का लागायचे? हा आक्षेप प्रामाणिक आहे. कारखान्यांवर कठोर कारवाई झालीच पाहिजे, आणि खोऱ्याच्या परिषदेत त्यांनाही उत्तर द्यावे लागेल. परंतु दुसऱ्याचा अपराध दाखवून आपला झाकता येत नाही. शिवाय महापालिका ही लोकांची संस्था आहे. आपण जी संस्था मताने वळवू शकतो तीच सुधारली नाही, तर कारखानदाराला सुधारण्याची भाषा कोण ऐकणार?

कार्यकर्त्यांसाठी काम उघड आहे आणि ते उद्यापासून करता येईल. शहरातील प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील किती घरे भुयारी गटाराला जोडलेली नाहीत याची पाहणी करावी आणि ती यादी पत्त्यांनिशी महापालिकेपुढे ठेवावी. अंदाजपत्रक आले की सांडपाण्याच्या पानावर बोट ठेवून मागील वर्षी ठरवलेला आणि खर्च झालेला पैसा यांची तफावत लोकांना सांगावी. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील शाखांनी ग्रामसभांत खोरे परिषदेचे ठराव करून घ्यावेत. आणि कोल्हापूरच्या कार्यकर्त्यांनी, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांनी आणि शिरोळच्या शेतकऱ्यांनी उन्हाळ्यात एकदा जयंती नाल्यापासून नृसिंहवाडीपर्यंत नदीकाठाने एकत्र चालत जावे. शहरातल्या माणसाने आपले पाणी कोठे जाते ते पाहावे आणि ते भोगणाऱ्याच्या घरी त्या रात्री मुक्काम करावा. काळम्मावाडीच्या पाण्यासाठी जे शहर इतकी वर्षे लढले, त्याला पंचगंगेसाठी लढता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. फरक एवढाच की पहिली लढाई स्वतःच्या घोटासाठी होती, ही दुसऱ्याच्या घोटासाठी आहे. समाजवादाची कसोटी नेहमी या दुसऱ्या लढाईत लागत आली आहे.